ट्रम्पेटवाल्याचा पुढचा दात

बायकोच्या मते बँडमधला सगळ्यात मोठा भोंगा तिचा नवराच होता. हातातला ट्रम्पेट त्यामानाने गरीब बिचारा. वरचा सूर लागला की छाती अशी काढणार, जणू हवा ह्याच्याच बापाची!

त्याच्या पुढच्या दातावर गुलाबी ठिपका दिसला, तेव्हा तिनेच त्याला आरशासमोर उभं केलं. मागे स्कूटरवरून तोंडावर आपटला होता, तोच दात. स्वारी खूश. म्हणे, "बघ, रक्त कसं खेळतंय!" डोंबलाचं रक्त! तिने हट्टाने त्याला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दाताच्या मधोमध, नसेच्या जागी, फुगलेला काळा डाग होता.

"मार लागला की कधीकधी आतलं मांसच दात खायला लागतं," त्या म्हणाल्या. "गुलाबी दिसतंय ते तेच, पातळ झालेल्या दातातून. अजून आरपार भोक पडलेलं नाही. रूट कॅनाल करून नस काढली, पोकळी भरली, की खाणं थांबेल. दात वाचेल."

"पण दुखत तर नाही!"

"दुखत नाही, म्हणूनच लोक उशीर करतात."

पण बँडवाल्यांचं शहाणपण वेगळंच. नस काढलेला दात मेलेला, आणि मेलेल्या दातावर टेकवलेला ट्रम्पेट मुका होतो, असं तालमीच्या खोलीत सगळेच सांगायचे. कुणी अनुभवलंय म्हणून विचारावं, तर एकमेकांकडे बोट! तेच डोक्यात घेऊन हा डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवरून उठलाच. जिन्यात बायकोला म्हणाला, "तुला सुरातलं काय कळतंय?" ती पायऱ्या उतरू लागली. दगडावर डोकं कोण आपटणार?

पुढे एका कार्यक्रमात, ऐन वरच्या सुराला, दात कडकन मोडला. मुळापर्यंत पोखरलेला, उरलेला तुकडा काढूनच टाकावा लागला. तारेत बसवलेला खोटा दात मिळाला, पण ट्रम्पेट टेकवला की तो डुगडुगायचा. बँडमास्तरांनी ह्याच्या हातात झांजा दिल्या. चांगली जिरली, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

एका दुपारी तो मोरीचं दार लावून ट्रम्पेट फुंकत होता. नुसती फुसफुस. बाहेर आला, तिच्याकडे न बघता खाटेवर बसला.

"त्या बाई तेव्हा काय म्हणाल्या होत्या गं? वाचला असता, असं नव्हत्या ना म्हणाल्या?"

"म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. खोटं बोलण्याइतकी माया तिच्यापाशी उरली नव्हती.