मांडवाचं छत लावून गिरगाव ते दादर

गिरगाव ते दादर हा काय प्रवास झाला का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. आमच्या घरात तो काशीयात्रेइतका गाजला. संयुक्त महाराष्ट्र मिळाला ते वर्ष. शिवाजी पार्कावर रोषणाई होणार म्हणून अख्खी वाडी निघायच्या गडबडीत होती आणि माझी आई तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसून होती.

ही बाई एकेकाळी मोर्चात सगळ्यांत पुढे असायची. एकदा पळापळ झाली, ती पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी घेऊन घरभर फिरायची, पण जिना उतरायचं नाव काढलं की, "त्या गर्दीत मरायला कोण जाणार!" म्हणून विषय संपवायची. ज्या राज्यासाठी पडली, त्याचे दिवे बघायलाही ही उतरली नाही तर पुन्हा कशालाच उतरणार नाही, या भीतीने आमचा जीव अर्धा झाला होता.

आमचा म्हणजे माझा आणि दादाचा. दादा माझा मोठा भाऊ, परळच्या गिरणीत फिटर. गिरणीच्या शेडमध्ये एका साहेबाची युद्धाआधीची मोटार गंजत पडली होती. ती त्याने मिळवली आणि वाडीच्या तोंडाशी उभी करून सुटीच्या दिवशी दुरुस्त केली. इंजिन झालं, गाद्या बसल्या. छताला मात्र आतून अस्तर नव्हतं, चार लाकडी पट्ट्या आणि वर नुसता पत्रा. त्यात उन्हाळा.

"आईला पत्र्याखाली बसवणार नाही," दादा म्हणाला. "अशी खोली करतो, की गर्दीतून जाऊनही कुणाचा धक्का लागणार नाही."

जुनी गाडी सजवू बघणाऱ्यांनो, एक ऐका. आधी छत, मग दारांच्या आतल्या फळ्या, गाद्या सगळ्यांत शेवटी. आम्ही उलटे गेलो आणि चपला काढून गाद्यांवर उताणे पडून काम करायची पाळी आली.

गाडीचं अस्तर लावणारे कारागीर आठवडा मागत होते. रोषणाई दुसऱ्या दिवशी. मग दादाला आमच्या गणपतीचा मांडव घालणारे काळाचौकीचे शांतारामभाऊ आठवले. सकाळीच निघालो. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग. रस्ता सरळ, पण ट्रामचे रूळ ओलांडताना दात वाजायचे. लालबागला खाणावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात हाणला. त्या बाजूला गेलात तर उपाशी परतू नका.

शांतारामभाऊंनी गाडीच्या छताला मधोमध कापडाचं फूल केलं, चारी बाजूंना चुण्या सोडल्या, कडेला झालर लावली. आत शिरलं की आरती म्हणावीशी वाटे! दादाने जास्तीचं कापड कापायला कात्री पुढे केली, तसे ते दचकले.

"कापूचा नाय हां! आमच्या धंद्यात कापड कापनत नाय. दुमडूचा आणि टाचणी मारूची."

"टिकेल ना?"

"गणपती अकरा दिवस काढता. तुमची दादरची फेरी ती कितीशी?"

आम्हालाही ते पटलं. जन्मभर आम्ही छतं पाहिली ती मांडवाचीच, आणि मांडव कधी रुळांवरून धावत नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गाडीतून उतरायचं नाही या अटीवर आई तयार झाली आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं. तिने डोळे गच्च मिटले होते. गाडीत बसल्यावर वर पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, मोदक कुठायत?"

परळपर्यंत सगळं झकास चाललं. मग एक ट्राम चुकवायला दादाने गाडी शेजारच्या रुळांवर घातली, वरून टाचण्या तडातडा सुटल्या आणि अख्खा मांडव आईच्या डोक्यावर आला. दादाने गाडी थांबवली. तो रडायच्या बेतात होता.

"आई, लागलं का गं?"

कापडाखालून खुसखुस ऐकू आली. मग आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. काठी वर करून तिने कापड तोलून धरलं. "चल पुढे. खांब मी धरलाय."

दादरला गर्दीने वाट अडवली. खिडकीवर झालर लोंबत होती, बाहेरून नुसता जयजयकार ऐकू येत होता. आईची चुळबुळ सुरू झाली.

"मला तुझ्या झालरीशिवाय काही दिसत नाही. दार उघड."

"आई, बाहेर गर्दी आहे."

"आपलीच आहे ना?"

ती उतरली. एका बाईने हात पुढे केला, "मावशी, या इकडून." आई तिचा हात धरून दोन पावलं गेली, मग तोही हात सोडून काठी टेकत पुढे निघाली. समोर सगळं पार्क दिव्यांनी लखलखत होतं म्हणे. मी दिवे पाहिलेच नाहीत. मी तिच्या पायांकडे बघत होते आणि रडत होते.

परतताना पियूष प्यायलो. घरी आल्यावर शेजारी खुर्ची घेऊन धावले, तर आईने त्यांनाच बाजूला केलं आणि कठडा धरून, धापा टाकत जिना चढली. सकाळी शांतारामभाऊ हजर. कापड उद्या दुसऱ्या मांडवाला हवं होतं!

पुढे दादाने लाकडी पट्ट्यांवर बारीक खिळे मारून, कडेला गोट लावून पक्कं अस्तर बसवलं. फार सुरेख झालं. आई मात्र त्या गाडीत पुन्हा कधी बसली नाही. ती भाजी आणायला पायी जायची, आणि मागून दादाने हॉर्न दिला, की वळूनही न बघता काठीने खूण करायची : तू हो पुढे.