अर्जाचा पन्हा

तुम्ही सरकारला आजवर किती वेळा "नम्र विनंती" केलीत, आणि त्यातल्या कितव्या वेळी तुम्ही खरोखर नम्र होता?

मी एकदाही नव्हते. नम्रता आमच्या घरी छापलीच जात नसे. वडील नांदेडच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं स्वतः लिहून वाटायचे. वाटून उरलेली घरी यायची, आणि ती पुष्कळ उरायची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. "ग" गणपतीचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरी तो गद्दाराचा होता. "ध" धिक्काराचा, "ज" जाहीर सभेचा. पत्रकांनी मला अन्याय ओळखायला शिकवलं, वाक्य संपवताना मूठ आवळायला शिकवलं. फक्त पत्ता लिहायला शिकवलं नाही. पत्रकाला पत्ता लागत नाही. ते सगळ्यांसाठी असतं, म्हणून कुणाच्याच दारात थांबत नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या, शिक्के नवे आले होते, भाषणांत विकासाची गंगा वाहत होती. बाकी कुठे काही वाहत नव्हतं. जिल्हा नवा आणि दुष्काळ जुना, अशी ती वाटणी होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चाकूरच्या पुढच्या एका गावी आत्याकडे गेले. गावाचं नाव लिहीत नाही. या वेळी मुद्दाम लिहीत नाही. एकदा विसरून लिहिलं नव्हतं, ती गोष्ट पुढे येईलच. आत्याचं घर खालच्या वस्तीत, अगदी शेवटचं. "खालची" हा शब्द जमिनीच्या उतारामुळे पडला, असं वरचे लोक सांगायचे. तसा उतार मला कधी दिसला नाही, पण त्यांना वरून दिसत असेल.

गावात दिवसाआड टँकर यायचा. तो महादेवाच्या देवळापुढे थांबायचा. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन पोचेपर्यंत तिथे ओल तेवढी उरलेली असायची. मग त्या नदीच्या पात्रात जाऊन वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरायच्या. टँकर खाली का येत नाही, हे मी सरपंचांना विचारलं. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण समजावून सांगितलं.

"गल्ली अरुंद हाय, बाई. टँकर घुसतच न्हाई. न्हाईतर आमाला काय, पानी द्यायचं मन न्हाई का?"

मन आहे पण गल्ली नाही, हे कारण आत्यानं तीन उन्हाळे ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू एवढी शिकून राहिलीस, माय. एक कागद लिहून दे की. सायबाच्या हातात पडंल असा."

मी लिहिला. साडेचार पानं भरली. सुरुवातीला सवयीनं "बंधू-भगिनींनो" आलं होतं, ते खोडून "माननीय साहेब" केलं. त्यात उसाला पाणी आणि माणसाला भाषण देणारी व्यवस्था होती, सरंजामशाही होती, चौदा मागण्या होत्या. कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत लिहिलं, कारण कागद वाया घालवणं हीसुद्धा भांडवली सवय आहे असं माझं तेव्हाचं मत होतं. आत्याला वाचून दाखवलं. ती मधूनमधून मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "लई भारी हाय. आपलं कुठं आलं त्यात?"

मी म्हणाले, "सगळंच आपलं आहे."

"हाव का," आत्या म्हणाली, आणि झिऱ्यावर गेली.

लातूरला ज्या कचेरीत पाण्याचे अर्ज घेत, तिच्या फाटकाबाहेर लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ पत्र्याची पेटी मांडीपुढे घेऊन बसायचे. अर्जनवीस. लोकांचे अर्ज लिहून द्यायचा त्यांचा धंदा. निजामाच्या काळात नांदेडला उर्दूत लिहायचे, राज्य गेल्यावर मराठी अक्षरं शिकले, आणि जिल्हा नवा झाल्याबरोबर इकडे आले. "नव्या जिल्ह्यात साहेबाच्या आधी अर्जनवीस पोचतो," असं ते म्हणायचे. मला पाहून त्यांनी हात पुढे केला. अर्ज लिहून घ्यायला आलेलीच समजले. मी ताठ उभी राहून सांगितलं की माझा अर्ज मीच लिहिलाय.

"बघू तर द्या, बेटी."

त्यांनी साडेचार पानं वाचली. घाई न करता, चष्मा दोनदा पुसून.

"वालिद, म्हणजे वडील तुमचे, नांदेडला छापखान्यात आहेत का?" त्यांनी विचारलं. मी चमकले. "तसाच हात आहे. त्यांची पत्रकं मी पुष्कळ जपली. शाई फार छान शोषतात."



"पण बेटी, हा अर्ज नाही. हा एतराज आहे."

मी म्हणाले, हरकत घेण्यासारखंच आहे, म्हणून हरकत घेतली. त्यावर ते हसले. म्हणाले, अर्ज आणि एतराज, दोघांची आई एकच. अरबीत तीन अक्षरं आहेत, ऐन, रे आणि ज़ाद. एखादी वस्तू कुणापुढे मांडणं, किंवा कुणाच्या वाटेत आडवं येणं, असा त्यांचा अर्थ. पुढे मांडलं की अर्ज, आडवं आलं की एतराज. "तुम्ही मांडायच्या आधीच आडव्या झालात."

मला माझी विद्वत्ता दाखवणं भाग होतं. मी म्हणाले, "उर्दूत जमिनीलाही अर्ज म्हणतात ना?"

"तो अर्ज वेगळा. ऐकायला एक, पण त्याच्या सुरुवातीला अलिफ आहे, ऐन नाही. घराणंच दुसरं." पेटीचं झाकण पुसत ते म्हणाले, "जमीनवाल्यांचं आणि अर्जवाल्यांचं घराणं एक कसं असेल?"

हे वाक्य पत्रकात शोभण्यासारखं होतं, म्हणून मला त्यांचा रागच आला. जन्मभर "हुजूर, हुजूर" लिहिणाऱ्या माणसाकडून मी काय शिकणार? मी पानं उचलली आणि आत जाऊन आवक खिडकीत दिली. कारकुनानं शिक्का मारायला जागा शोधली. सापडली नाही, तेव्हा शिक्का सरंजामशाहीवर मारला.

आठ दिवस झाले तरी काही आलं नाही. त्या आठ दिवसांत आत्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. वस्तीतल्या आणखी काही घरांत तेच. आत्याला बैलगाडीतून चाकूरच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आत्या म्हणाली, "मिळंल ते." डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा तेच पाणी पोटात गेलं तर या अंगाला झेपणार नाही. म्हणजे आता चौदा मागण्या उरल्या नव्हत्या, एकच उरली होती. आत्या घरी यायच्या आत टँकर तिच्या दारापर्यंत यायला हवा होता.

मी कचेरीत गेले. कारकून भला माणूस निघाला. त्यानं फाइल काढली आणि कौतुकानं म्हणाला, "हे तुमचं का? आम्ही सगळ्यांनी वाचलं. काय लिहिलंय, वा." पानांवर शेरा लिहायला जागा नव्हती म्हणून साहेबांनी एक चिठोरी टाचली होती. तिच्यावर लिहिलं होतं: "गावाचे नाव नमूद नाही. सबब दप्तरी दाखल." म्हणजे फाइल बंद.

मी साडेचार पानं उलटसुलट पाहिली. जगातले बरेच देश होते. गाव नव्हतं.

सरकारला आजवर मी पुष्कळ शिव्या लिहिल्या आहेत आणि त्यातली एकही मागे घेणार नाही. पण त्या चिठोरीवर हरकत घ्यायला मला जागा सापडली नाही. बाहेर आले आणि लिंबाखाली जाऊन बसले. या वेळी उभी राहिले नाही.

"चाचा, अर्ज लिहायचाय."

त्यांनी "मी म्हणालो नव्हतो का" असं काही म्हटलं नाही. एक कोरा कागद घेतला, उभा दुमडला आणि उलगडला. डावीकडची तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा घडीनं वेगळी झाली. "इथं आपण लिहायचं नाही. ही हुकूम लिहिणाऱ्याची जागा. त्याला लिहायला जागाच ठेवली नाही, तर तो लिहिणार कुठं?" उर्दूत अर्ज लिहीत तेव्हा ते ही जागा उजवीकडे सोडायचे. निजाम गेला आणि ती डावीकडे आली. मराठवाड्याच्या मुक्तीनंतर अर्जात झालेला तेवढाच बदल, असं ते गंभीरपणे सांगत.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. गाव? वस्ती? घरं किती? आजारी कोण? आत्याचं सांगितलं.

"म्हणजे आरजा झाला," ते म्हणाले. "दुखणं. तेही याच घराण्यातलं. न बोलावता आडवं येतं. आणि टँकर आला तर तो आरजी बंदोबस्त, म्हणजे तात्पुरता. तोही याच घरचा." जरा थांबून, लाजल्यासारखे होऊन म्हणाले, "शायर लोक गालालाही आरिज म्हणतात. पण तो लिहून घ्यायला इथं अजून कुणी आलं नाही."

मला आत्याचे बसलेले गाल आठवले. शायरांना तिथे काही मिळालं नसतं.

"टँकर खाली का येत नाही म्हणतात?"

"गल्ली अरुंद आहे म्हणे."

त्यांनी टाक खाली ठेवला. "किती?"

"किती म्हणजे?"

"गल्लीचा अर्ज किती? कापडवाले पन्ह्याला काय म्हणतात, ऐकलं नाही कधी? कापडाची रुंदी, तो अर्ज. हा आमच्या घराण्यातला सगळ्यात गरीब नातेवाईक, पण कामाचा. गल्ली किती रुंद आणि टँकर किती रुंद?"

मला माहीत नव्हतं. आत्याला माहीत नव्हतं. तीन उन्हाळे हे कारण सांगणाऱ्या सरपंचांनाही माहीत नसावं. अख्ख्या गावात ते कुणीच मोजलं नव्हतं. अरुंद म्हटलं की अरुंद, असा तो कारभार.

"जा, मोजून या. पावलंही मोजा, देवळापासून शेवटच्या दारापर्यंत. तोवर मी हे लिहीत नाही."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आत्याची सून, माझी वहिनी, गुरांचं दावं घेऊन आली. त्याला हाताहातावर गाठी मारल्या होत्या. एक टोक तिनं टँकरच्या मागच्या चाकाशी धरलं, दुसरं मी पलीकडे नेलं. ड्रायव्हर खिडकीतून वाकला.

"काय करून राहिल्या, आक्का?"

"माप घेऊन राहिलो," वहिनी म्हणाली. "तुमच्या टँकरला झंपर शिवायचा हाय."

"मग ढिला शिवा. उन्हाळा लई हाय."

टँकर साडेपाच हात भरला. मग आम्ही दावं घेऊन गल्लीनं खाली निघालो. पोरंबाळं मागे, म्हाताऱ्या दारात. गल्ली कुठे दहा हात, कुठे नऊ. सगळ्यात अरुंद जागा सापडली तेव्हा वहिनीनं गाठी दोनदा मोजल्या. तिथे एकाचा ओटा गल्लीत पुढे आला होता. त्यावर सरपंच बसले होते.

"काय हो, सात हात भरतंय हितं," वहिनी म्हणाली. "तुमचा ओटा मधी आला तरी."

सरपंचांनी पाय वर घेतले. त्यानं गल्ली थोडी आणखी रुंद झाली.

देवळापासून आत्याच्या दारापर्यंत चारशे बारा पावलं भरली. तीही माझी, रिकाम्या हातांची. डोक्यावर घागर असती तर जास्त भरली असती, हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "तेही लिहू."

अर्ज पाच ओळींचा झाला. गावाचं नाव पहिल्या ओळीत. टँकर साडेपाच हात, गल्ली अरुंदात अरुंद जागी सात हात. पावलं चारशे बारा, घागर नसताना. एक बाई दवाखान्यात, ती परत यायची आहे. शेवटी "नम्र विनंती" होतं. ते मला खोडायचं होतं. "राहू द्या, ते कुणी वाचत नाही," चाचा म्हणाले.

साहेबांनी डावीकडच्या कोऱ्या जागेत दोन ओळी लिहिल्या. पाचव्या दिवशी टँकर ओट्याला वळसा घालून खाली आला. ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "आक्का, झंपर कुठं हाय?" आत्या दोन दिवसांनी बैलगाडीतून उतरली, तेव्हा दारातला रांजण भरलेला होता. तिनं त्यात हात बुडवून पाहिला. मला म्हणाली, "पाचच वळी लिवल्या म्हनं?" मी मान डोलावली. "मग आधी एवढं कशाला लिवलं होतंस?"

वरच्या आळीनं लगेच हरकत घेतली. सरपंच ती लिहून घ्यायला लातूरला गेले, आणि गेले ते नेमके लिंबाखाली. चाचांनी त्यांचाही कागद दुमडला, त्यातही साहेबांसाठी जागा सोडली. धंदा धंदा असतो. फक्त सरपंचांनाही विचारलं, गल्लीचा अर्ज किती? त्या कोऱ्या जागेत साहेबांनी पुढे काय लिहिलं, ते सरपंचांनी गावात कुणाला दाखवलं नाही.

टँकर मात्र अजून येतो. नळ पुढच्या वर्षी येणार, असं दर वर्षी ठरतं. आरजी बंदोबस्त इतका टिकाऊ असेल, असं त्या तीन अक्षरांनाही वाटलं नसेल. नळासाठीचा अर्ज मी दर उन्हाळ्यात देते. पत्रकंही लिहिते, काठापासून काठापर्यंत, मूठ आवळून. पण आता दोन्हीचे कागद वेगळे ठेवते.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. हे वाचून माझं कौतुक करू नका, कारकुनानं ते करून झालंय. उद्या तुमच्या गावात टँकर जिथे थांबतो तिथे जाऊन उभे राहा. तिथून शेवटच्या दारापर्यंत चालत जा आणि पावलं मोजा. गल्ली अरुंद आहे असं कुणी म्हणालं, तर दावं घेऊन तीही मोजा. मग एक कागद उभा दुमडा, डावीकडची जागा कोरी ठेवा, आणि पहिल्या ओळीत गावाचं नाव लिहा.