लालासाहेबांचे बूट

म्हसवडकडच्या आमच्या तळ्यावर लालासाहेबांना सगळे ‘मेजर’ म्हणत, आणि त्यांना ते खरं वाटे. पलटणीतली सारी नोकरी त्यांनी कोठारात बसून जवानांना कांबळी वाटण्यात घालवली. गावी येताना दोनच शस्त्रं आणली, एक शिट्टी आणि एक बुटांचा जोड. सकाळी ओट्यावर बसून बुटांना पॉलिश. मग बायको, बनुबाई, रानात राबायची आणि साहेब बांधावरून शिट्टी मारायचे.

दिवाळीनंतर तळ्याचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा टाकतात. त्याला गाळपेर म्हणायचं. जमीन सरकारची, पण पट्टी कुणाची ते रिवाजानं ठरे. जो अनवाणी उतरून स्वतःच्या हातानं पेरील, त्याची. तिथं औत घालत नाहीत. वर पापुद्रा वाळलेला, खाली नुसती चिखलाची राबडी.

मधली पट्टी हरणाबाई पेरायची. नवरा गेलेला, घरात आंधळी सासू, दुसरं रान नाही. त्या हरभऱ्यावरच दोघींचं वर्ष निघायचं. दुष्काळाच्या साली विहिरी आटल्या आणि लालासाहेबांना अचानक त्या गाळाचं प्रेम आलं.

“हरणे, औंदा ही पट्टी आमची.”

“व्हय? मग काढा बूट आन् उतरा की, आवं!”

आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो. बूट काढले तर आत मेजर उरतो की नाही, याची बहुधा लालासाहेबांनाच खात्री नसावी. त्यांनी गुंडा नावाच्या आपल्या गड्याला औत घालायला फर्मावलं.

“मालक, बैलं रुततील.”

“हुकूम म्हंजे हुकूम!”

शिट्टी वाजली. दहा पावलांत बैल पोटापर्यंत रुतले आणि डोळे पांढरे करून हंबरू लागले. हरणाबाईच आधी धावली. चुलीसाठी राखलेल्या तुराट्यांचे भारे तिनं बैलांच्या पायांखाली सारले, आम्ही बायकांनी कासरे ओढले. मेजर बांधावर उभे राहून शिट्टीवर शिट्टी मारत होते.

आमच्यातली सुलाबाई खालून ओरडली, “गप बसा की! शिट्टीवर निघाया ती काय आगगाडी हाय?”

बैल एकदाचे बाहेर आले. शिंगांपर्यंत गाळ बैलांना, कमरेपर्यंत आम्हा बायकांना. लालासाहेबांच्या बुटावर एक शिंतोडा उडाला होता, तो रुमालानं पुसत ते म्हणाले, “नांगरट आमच्या बैलांनी केली. पट्टी आमची.”

हरणाबाई ओटीत बी घेऊन तशीच परत गाळात उतरली आणि बैलांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांतून हरभरा टाकत गेली. सगळा गाव बघत होता. रिवाज काय सांगतो ते बोलायची गरजच पडली नाही. साहेब पारावर गेले आणि “गरीब बाई, दिली सोडून,” असं ज्याला त्याला सांगत बसले.

हरभरा घाट्यांनी लगडला तेव्हा हरणाबाईनं पट्टीच्या कडेला जाळ करून ओल्या घाट्यांचा हावळा भाजला, आम्हा बायकांना बोलावलं. न बोलावता लालासाहेबही आले, चकचकीत बुटांत.

“वैनी,” ते मला म्हणाले, “ही पट्टी आमीच दिली बरं का हिला.”

हरणाबाईनं भाजलेल्या घाट्यांची ओंजळ त्यांच्यापुढं ठेवली. “खावा मेजर. फकस्त सवताच्या हातानं सोलून.”

राखेनं काळे झालेले घाटे त्यांनी पाहिले, आपले गोरे तळहात पाहिले, आणि मागं वळून बनुबाईला हाक मारली, “अगं ए, सोल जरा!”