वाळीतल्या हातच्या पोळ्या

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे माझ्यापुरतंच लिहितेय, तरी कुणी वाचलं तर सांभाळून घ्यावं.

मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचायतीने मला वाळीत टाकलं. माझा उंबरा ओलांडायचा नाही, माझ्या हातचं खायचं-प्यायचं नाही, माझ्या हातातून काही घ्यायचंही नाही. आप्पांना दंड बसला. तो दादाने भरला, नाहीतर आई-आप्पाही वाळीत गेले असते.

पुढे मी नवऱ्याबरोबर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आयसेलिनला आले. तो हॉटेलात स्वयंपाकी. मी घरी पोळ्या लाटून वाण्याच्या दुकानात द्यायची. दोन हजार चार साली दादाही कंपनीच्या कामावर न्यू जर्सीत आला. मीच भीतभीत फोन केला आणि म्हटलं, दंडाचे पैसे मी फेडते. तो दर महिन्याला हप्ता न्यायला यायचा. मी पाकीट पायरीवर ठेवून मागे सरायची, मग तो वाकून उचलायचा. बोलणं नाही.

एकदा दुकानात वहिनी दिसली. तिने माझ्याच पोळ्या ट्रॉलीत टाकल्या आणि दुकानदाराला म्हणाली, "काका, मागच्या वेळी संपल्या होत्या. आमच्याकडे दुसऱ्या चालत नाहीत हो."

मी तांदळाच्या पोत्यांमागे खाली बसले. वाळीतल्याच्या हातचं खाल्लं की खाणाराही वाळीत. गावी कळलं तर दादा जाणार, आई-आप्पा जाणार, आणि पुन्हा माझ्यामुळेच. पोळ्या बंद कराव्यात तर पैसे कसे फेडायचे? त्यानंतर नुसता फोन वाजला तरी गावचाच असेल असं वाटायचं.

शेवटचा हप्ता द्यायचा होता त्या दिवशी बर्फ पडलेला. पाकीट पायरीवर ठेवलं. आता नाही सांगितलं तर हा परत यायचाच नाही, असं वाटलं.

"दादा, तुमच्या घरी त्या पोळ्या येतात ना, त्या मी लाटते. तुम्ही नेता ते मला आधी माहीत नव्हतं रे."

तो वाकलाच नाही. मला वाटलं, आता ओरडणार.

"मला कधीचं माहितीय. एवढ्या तिकोनी पोळ्या अख्ख्या अमेरिकेत दुसरं कोण लाटणार? आई दमली सांगून, गोल लाट, गोल लाट."

"आणि वहिनी?"

"तीच म्हणते, रोज बहिणीच्या हातचं गिळता, मग पैसे कसले पायरीवरून उचलता?"

"गावी कळलं तर?"

त्याने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. भीती त्यालाही होती.

"कळेल तेव्हा बघू. उचल ते. हातात दे."

मी पाकीट उचललं. त्याने माझ्या हातातून घेतलं आणि तिथेच थंडीत उभं राहून नोटा मोजल्या.

"फिटले सगळे," म्हणाला.