काडी आणि बोरं

नंदुरबारला आमच्या शेजारी कापसाच्या जिन-कारखान्यातला एक फिटर राहायचा. क्रिकेटवर बोलण्याचा गल्लीतला सगळा हक्क त्याने आपल्याकडे घेतला होता. रोज सकाळी जिनाचा भोंगा व्हायच्या आत तो तुरीची बोटभर जाड काडी घेऊन अंगणात उभा राहायचा आणि मी, शाळामास्तर, त्याला समोरून हिरवी बोरं टाकायचो. खरी बॅट त्याने कधी धरली नव्हती.

"मास्तर, बोर काडीले लागाले लागनं ना, मंग चेंडू प्रकाशा गावना टरबूजइतला दिसस," असं म्हणून तो काडीवर फुंकर मारायचा. दहातली नऊ बोरं कुंपणापार जायची.

संक्रांतीला स्टेशनवाल्यांशी सामना ठरला, तेव्हा माझ्याच शिफारशीवरून त्याला गावाच्या संघात घेतलं. तो शेवटचा गडी म्हणून उतरला, तेव्हा जिंकायला दोनच धावा हव्या होत्या. त्याने बॅटवर फुंकर मारली. चेंडू सरळ आणि संथ आला, आणि मधला स्टंप उडाला.

परतताना तो माझ्यापाशी थांबला. "चेंडू भलता मोठा शे, मास्तर. मन्ही नजर बारीक व्हई गयी."

त्या संध्याकाळी सगळं गाव मलाच बोललं. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळी आला आणि माझ्या हातावर मूठभर हरभरे ठेवून म्हणाला, "बोर बी मोठंच पडी ऱ्हायनं. टाका."

मी टाकला. पहिलाच हरभरा खणकन माझ्या चष्म्यावर आला.