कांबळे बाईंचे नकाशे आणि तिसरा अर्ज

बाईंवरची ती "आर्मचेअर ट्रॅव्हलर"वाली पोस्ट डिलीट करा. आत्ताच्या आत्ता.

आरामखुर्चीत बसून जग फिरायला बाईंच्या घरात आरामखुर्ची नव्हतीच. एक लोखंडी कॉट, एक प्लास्टिकची खुर्ची आणि पुस्तकांचं कपाट.

परवा सकाळी कांबळे बाई गेल्या. हार्ट अटॅक. गॅसवर चहा ठेवलेला होता. वय त्रेसष्ट.

मी त्यांची विद्यार्थिनी. कशेळ्याच्या शाळेत तीन वर्षं त्यांनी मला भूगोल शिकवला. आता कर्जत स्टेशनजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. म्हणून काय काय झालं ते मला माहीत आहे.

नोकरीची पहिली अकरा वर्षं बाई डोंगरावरच्या वाडीतल्या शाळेत होत्या. जीप कशेळ्याला सोडायची. पुढे दीड तास चढ. रोज. पावसाळ्यात चपला हातात घेऊन.

आर्मचेअर म्हणे!

रिटायर झाल्यावर त्यांनी चौकला हायवेवरच्या भंगारवाल्याकडून ते कपाट घेतलं. कुठल्यातरी मोडलेल्या रिसॉर्टचं. खालच्या कप्प्यात एक पुस्तक राहून गेलं होतं. परदेशातली एक पायवाट, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, सोळा दिवसांची. मागच्या कव्हरच्या खिशात नकाशा.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. आज तोंडातून काहीतरी वाईट निघेल.

दुसऱ्या दिवशी बाई पुस्तक घेऊन दुकानात हजर.

"सुजाता, हे बघ गं. वाट लोकांच्या शेतातून जाते. आणि शेतकरी कुणाला अडवत नाही. फाटक लावून घ्या, एवढंच म्हणतो."

पुस्तक फार जुनं होतं. बाई म्हणाल्या, "जुनी आवृत्ती घेऊन चालणं म्हणजे गेल्या वर्षीच्या टाइमटेबलवर एसटी पकडणं." मग दर शनिवारी त्या सांगायच्या आणि मी तिकडच्या नकाशांच्या दुकानांना इंग्लिशमध्ये ईमेल टाइप करायचे. नवीन आवृत्ती कधीची? कडा कोसळलाय तिथे वाट कुठून वळवली? समोच्च रेषा दर दहा मीटर उंचीला आहेत का?

दोन दुकानांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाईने लांबलचक पत्र लिहिलं. बाईंनी त्याची प्रिंट काढून घेतली.

नकाशे आले त्या दिवशी पोस्टमनकाकांनी दारातूनच हाक मारली. "बाई, आलं बरं का तुमचं भेंडोळं! आमी उन्हात नाय ठेवलं."

पुढच्या दोन वर्षांत कपाटात चार देशांतल्या सात वाटा जमल्या. पण चालायची होती ती पहिलीच.

व्हिसाचा पहिला अर्ज. पनवेलचा एजंट. बाईंनी सोळा दिवसांचा बेत स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. कुठे मुक्काम, कुठे पाणी, कुठे चढ.

एजंटने तो बाजूला सारला. "चालायला जाणार असं लिहू नका हो. साठीची बाई एकटी सोळा दिवस चालणार, कोण विश्वास ठेवेल? साइटसीइंग लिहा."

आणि मी लिहिलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, तरी लिहिलं. फॉर्मची अक्कल मला आहे, या घमेंडीत.

नामंजूर. प्रवासाचा उद्देश स्पष्ट नाही.

दुसऱ्या वेळी बेत जोडला.

नामंजूर. एकटी राहते, मागे कुटुंब नाही, परत येण्याचं सबळ कारण दिसत नाही.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, अगदी मनापासून, "पण मी तिकडे राहून करू काय गं?"

जिने आख्खी हयात या तालुक्यात काढली, ती परत येणार नाही हे कुणी ठरवलं? तिला न बघता?

आता त्या पोस्टवाल्यांबद्दल.

मुंबईचं जोडपं. खालापूरला त्यांचं फार्महाऊस. त्यांना त्याच देशाचा व्हिसा आठवड्यात मिळाला. कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं म्हणून आले. तीन रविवार बाई त्यांच्यासोबत फरशीवर नकाशे पसरून बसल्या. जेवू घातलं. स्वतःच्या पेन्सिलच्या खुणा असलेला नकाशा दिला.

वाट चालून आले. चॉकलेटं घेऊन आले.

"नकाशा?" बाईंनी विचारलं.

"अहो, तो भिजला. तिकडेच टाकला. आता सगळं ॲपवर असतं, बाई."

"असू दे. तुम्ही नीट पोचलात ना?"

मी तिथेच बसले होते. मला बोलायला हवं होतं. तेव्हा बोलले नाही म्हणून आज चारचौघांत बोलतेय.

बाईंनी नवा नकाशा मागवला. सगळ्या खुणा पुन्हा केल्या. या महिन्यात तिसरा अर्ज भरला. या वेळी एजंट नाही. उद्देशाच्या रकान्यात मी स्वतः लिहिलं: चालणे.

बाईंनी स्क्रीनवर वाचलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर आहे."

मुंबईच्या व्हिसा केंद्रातली अपॉइंटमेंट येत्या गुरुवारची आहे. सकाळी साडेदहा.

काल बुद्धवंदना झाली, सगळे पांगले, आणि मी दुकान उघडून ती रद्द करायला बसले. साइटने विचारलं, कारण निवडा. चार पर्याय होते. तारीख बदलायची आहे. प्रवासाचा विचार बदलला. कागदपत्रं अपुरी. दुसऱ्या केंद्रातून अर्ज करणार.

बाईंचा विचार बदलला नव्हता.

मी काहीच निवडलं नाही. स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली.

गुरुवारी साडेदहाला त्यांना बाईंचं नाव पुकारू दे. पूर्ण नाव. दोनदा, तीनदा. कुणी उठलं नाही म्हणून एकदा तरी मान वर करून बघू दे.

जय भीम, बाई.