उद्याचं पाकीट

आमच्या बाबांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत बसून लोकांचे डाग पुसले. रीटचिंग म्हणायचे त्याला. खिडकीपाशी तिरकी काच, तिच्यावर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. कुणाची पुटकुळी, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या टोकानं भरून काढायचे. फोटो न्यायला आलेली माणसं जाम खूश व्हायची. आता चेहरा फुकटात सुधारून मिळाला तर कोण नाही होणार?

आई नाही झाली. तेव्हा ती अर्थात कुणाची आई नव्हती. बावीस वर्षांची, तिखट जिभेची मुलगी होती. परगावच्या आजीला पाठवायला तिनं स्टुडिओच्या मालकांकडून फोटो काढून घेतला. चार दिवसांनी न्यायला आली, बघते तर हनुवटीवरचा व्रण गायब! लहानपणी सायकलवरून पडली होती, त्याचा व्रण. ती तडक आतल्या खोलीत घुसली.

"हा उद्योग कुणाचा? माझी आजी विचारेल, ही कुणाची पोर पाठवलीस म्हणून!"

बाबांची बोबडीच वळली. "पेन्सिलच आहे, पुसली जाते," ते कसेबसे म्हणाले. "उद्या या."

राहिलेल्या कामाच्या पाकिटावर "उद्या" लिहायची त्या स्टुडिओत पद्धत होती. तसं ते त्यांनी तिच्या निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिलं. ती दुसऱ्या दिवशी आली, काम झालेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आली, तरी नव्हतं. खरं तर दोन मिनिटांचं काम, कापूस फिरवला की संपलं. पण काम झालं तर ती परत येणार कशाला? बाबा रोज नवी सबब सांगायचे. पंधराएक दिवसांनी तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्हाला पुसायचंच नाहीये ना?"

बाबांनी मान खाली घालून "नाही" म्हटलं. ती खो खो हसली आणि दोघांचं जमलं. आजीला फोटो काही गेला नाही. नातजावयाला घेऊन नातच जाऊन आली.

हा किस्सा आई आम्हाला शंभरदा सांगायची आणि बाबा लाजून लाल व्हायचे. पण हट्ट म्हणजे हट्ट! बाबांनी कॅमेरा उचलला की ती तोंड फिरवायची. "आधी पहिला दुरुस्त करा, मग दुसरा काढा." बाबांचं उत्तर ठरलेलं, "उद्या नक्की." मी एकदा वैतागून म्हटलं, "बाबा, करून टाका की एकदाचं!" तर म्हणाले, "ती भांडायला लागली ना, की मला त्या दिवशी आत घुसली होती तशी दिसते गं. दुरुस्त केला तर भांडेल कशावरून?" मी कपाळावर हात मारून घेतला!

गेल्या वर्षी आई गेली आणि घरात तिचा धड एक फोटो सापडेना. लग्नाच्या फोटोत मान वळवलेली, मोबाईलमध्ये पाठमोरी, ओळखपत्रावर नखाएवढी. नीट असा तो एकच, बिनव्रणाचा. महिनाभरानं बाबांनी मला विचारलं, "व्रण डावीकडे होता की उजवीकडे?"

असा संताप झाला माझा! पन्नास वर्षं समोरासमोर बसून जेवलात आणि मला विचारता?

"निगेटिव्हवर चेहरा उलटा असतो गं," ते म्हणाले. "जन्मभर उलटेच चेहरे बघितले. आता डोळे मिटले की ती कधी अशी दिसते, कधी तशी. मला ती नीट बघायचीय."

सांगायला मी तोंड उघडलं आणि मलाही सांगता येईना. आपल्या आईचा चेहरा! मला रडूच फुटलं.

मग त्या निगेटिव्हसाठी आम्ही दोन दिवस घर उलथंपालथं केलं. "उद्या" लिहिलेलं ते पाकीट शेवटी आईच्याच कपाटात मिळालं, स्वेटरांच्या खाली. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून टर्पेंटाइनचा थेंब टाकलेला कापूस मी धरला. "घासू नकोस. नुसता टेकव, उचल," ते शेजारून सांगत होते. कापूस जरासा करडा झाला, बस्स. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या बाईंनी संध्याकाळी मोठा फोटो करून दिला.

व्रण डावीकडे होता, तांदळाच्या दाण्याएवढा. आईच होती ती, अगदी आमची आई.

बाबांनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मी रुमाल काढून तयार बसले होते. पण त्यांनी हळूच तो टेबलावर ठेवून दिला.

"का हो? नाही का नीट आला?"

"आलाय ना. हीच ती." त्यांनी फोटोतल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. "पण हा काढला तेव्हा तिनं मला पाहिलंही नव्हतं गं. बघ ना, कशी परक्यासारखी बघतेय. मला ओळखणारी हवी होती."